मेलेल्यांचा आवाज

'उठले' या सिनेमात जेवढी म्हणून मेलेली माणसं उठली, ती सगळी ताईच्या घशातून उठली. म्हातारे, तरणे, दवाखान्यातल्या नर्सा, एक लठ्ठ पोलीस आणि त्याचा कुत्रासुद्धा. खरं तर त्या कामाला आधी दोन धिप्पाड पुरुष बोलावले होते. पण ते कण्हायला लागले की मेलेले कमी आणि पोटात कळ आलेलेच जास्त वाटायचे. दिग्दर्शक डोकं धरून बसला होता. ताई त्या दिवशी बाजाराच्या प्रसंगाला गर्दीचा गलका करायला आलेली, त्यात सर्दीने घसा बसलेला. ती सहज म्हणाली, "मी बघू का जरा?" आणि श्वास बाहेर न सोडता आत ओढत तिने एक आवाज काढला. गंजलेलं दार कुणीतरी आतून ढकलावं तसा. काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगवाल्याने हेडफोन काढून आधी मागे वळून बघितलं, मग ते परत घातले.

"ताई," तो म्हणाला, "परत कराल का? फक्त ह्या वेळी आधी सांगून करा."

हा रेकॉर्डिंगवाला म्हणजे कानसेन. खालच्या मजल्यावरचा फ्रीज चालू झाला तरी ह्याला वर कळायचं, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. त्याचं खरं नाव स्टुडिओत कुणाला आठवत नव्हतं. बहुधा त्यालाही नसावं.

ताईचा जन्म अशाच कामांत गेला होता. गर्दी, हुंदके, बाळंतपणाच्या कळा, फोनवर पलीकडून ऐकू येणारी पण न कळणारी बाई. नट्या दिसायला सुंदर असतात, पण किंकाळी फोडा म्हटलं की उंदीर बघितल्यासारखं करतात. मग ताईला बोलावणं. कितीतरी देखण्या बाया ताईच्या घशाने किंचाळल्या होत्या. शब्द मात्र तिच्या वाट्याला कधी आला नव्हता. आलाच तर "अगं बाई!" इतपत, तोही गर्दीत. घरी तिचा नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा आणि लोकांना मोठ्या कौतुकाने सांगायचा, "आमची ही सिनेमात आहे. दिसत नाही, कळत नाही, पण आहे."

आणि मग दुसरा भाग आला. 'पुन्हा उठले'.

दिग्दर्शकाला सगळे मागून धांदल म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. उलट फार उत्साही होता, आणि दुखणं तेच होतं. पहिल्या भागात नायक जळून मेला, म्हणून ह्या भागात त्याचा जुळा भाऊ निघाला. ह्या जुळ्याला आपल्याला भाऊ होता हेच माहीत नव्हतं, पण कुऱ्हाड मात्र तो हुबेहूब भावासारखी चालवायचा. आधीचे मेलेले पाय ओढत चालायचे. आताचे पळत होते, पोहत होते, आणि एक जण तर चक्क क्रेन चालवत होता. मध्यंतरानंतर कुठूनसं एक जहाज आलं. जहाज कशाला, असं कानसेनने विचारलं तर धांदल म्हणाला, "मिळालं ना!" पण खोटं कशाला बोला, बघायला मजा यायची. ताई काचेच्या त्या छोट्या खोलीत उभी राहून पडद्यावर बघत कण्हायची आणि मध्येच हसू आलं म्हणून थांबायची.

ह्या सगळ्या गोंधळात धांदलला एक गोष्ट मात्र नेमकी सुचली होती. नायिकेची आई पहिल्या भागातच मेलेली. ती ह्या भागात उठते आणि बाकीच्यांबरोबर लेकीच्या मागे लागते, मॉलमधून, बोगद्यातून, त्या जहाजावरूनसुद्धा. शेवटी लेक एका खोलीच्या दारात पडते, आई समोर येते, जबडा लोंबलेला, आणि खाण्याऐवजी बोलते. दोन्ही भाग मिळून कुठल्याही मेलेल्याने उच्चारलेले पहिले शब्द. "बाळ, दार लाव. कडी घाल. मी हाक मारली तरी उघडू नकोस."

धांदलने तो कागद ताईच्या हातात दिला तेव्हा तिने तो दोनदा वाचला.

"हे कोण बोलणार?"

"तुम्हीच. मेलेले तुमच्याकडेच आहेत ना सगळे?"

घरी जाताना ताई ती वाक्यं तोंडातल्या तोंडात घोळवत गेली. बसमध्ये शेजारच्या बाईने जरा सरकून बसणं पसंत केलं.

दुखणं ह्याच सुमाराला निघालं. सकाळी उठल्यावर आवाज यायचा, पण तुटका. नळात हवा भरली की पाणी कसं थुंकत थुंकत येतं, तसा. ताईने मध खाऊन बघितला, वाफारा घेतला, कुणाला काही बोलली नाही. पण लेक चष्म्याच्या दुकानात काम करायची, दिवसभर लोकांचे डोळे निरखायची, तिच्यापुढे काय लपणार? तिने एक दिवस सुट्टी टाकली आणि आईला हाताला धरून घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाईंनी नळी घालून आतलं सगळं पडद्यावर दाखवलं. आवाजाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या आणि त्यातल्या एकीवर लाल, टपोरा फोड.

"हा रक्ताने भरलाय," डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात काढून टाकू. तोवर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त ताण येतो. काम काय करता?"

ताईने लेकीकडे बघितलं. लेक म्हणाली, "कण्हते."

"कशामुळे?"

"नोकरी म्हणून."

डॉक्टर बाई हसल्या नाहीत. "ते तर अजिबातच नाही. फोड ऑपरेशनआधी फुटला तर तिथे व्रण राहील. मग आवाज कायमचा घोगरा. मला पुन्हा होता तसा करून देता येणार नाही, हे आत्ताच सांगते."

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "कळवून टाक त्यांना. मी फोन लावते."

"डबिंग संपतच आलंय," ताई म्हणाली.

"आई, बोलू नकोस!"

"मग सांगू कशी?"

लेक रस्त्यातच थांबली. "जे आधीच मेलेत त्यांच्यासाठी तू जीव टाकणार? तुझ्याशिवाय कण्हायला जगात माणूस नाही?"

कण्हायला असेल, ताईच्या मनात आलं. बोलायलाही कुणीही मिळेल, दुखत होतं ते तेच. आपण नाही म्हटलं की धांदल हळहळेल, दहा मिनिटं, आणि मग कुणालाही आणून उभं करेल. त्या तीन वाक्यांना काय, कुठलाही घसा चालेल. ताईला मात्र तीच तीन वाक्यं होती, दुसरी येणार कुठून? पण रस्त्यात उभं राहून हे लेकीला सांगायचं कसं, आणि लेक ऐकून तरी घेईल का? तिने नुसती मान हलवली. कशाला हलवली, ते दोघींनी आपापल्या सोयीने ठरवलं.

नवऱ्याने संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं. "घरात आठवडाभर शांतता," तो म्हणाला. "डॉक्टरांना माझ्याकडून काहीतरी भेट द्यायला हवी." मग बायकोचं तोंड बघून उगीचच उठला आणि स्वयंपाकघरातला न बिघडलेला दिवा काढून परत बसवला.

दुसऱ्या दिवशी ताई स्टुडिओत गेली. तिचा हिशेब साधा होता. शेवटची तीन वाक्यं आधी उरकायची, आणि मग घसा बसला म्हणून सांगून मोकळं व्हायचं. पण धांदलच्या सिनेमात साधा हिशेब चालत नसे. चित्र जसजसं जोडून व्हायचं तसतसं रीळ डबिंगला यायचं, पहिल्यापासून क्रमाने, आणि शेवटचं रीळ अजून जोडायचंच होतं.

"माझं ते आधी घेऊ या का?" ताईने अगदी हलक्या आवाजात विचारलं.

"घेतलं असतं हो ताई, पण शेवट अजून ठरायचाय. तीन आहेत माझ्याकडे. एकात आई बोलते, एकात स्फोट होतो."

"आणि तिसऱ्यात?"

"दोन्ही."

म्हणजे तिथवर पोचायचं तर वाटेतले सगळे मेलेले कण्हत पार करायला हवे होते. मॉलमधले, बोगद्यातले, जहाजावरचे. ताईने घसा पुरवून पुरवून वापरायला सुरुवात केली. जिथे दहा जण दिसायचे तिथे चौघांचा आवाज द्यायचा. पळणाऱ्यांना नुसती धाप द्यायची. क्रेनवाल्याला तिने काहीच दिलं नाही, क्रेनचाच आवाज पुष्कळ होता. मधल्या वेळात ती कोमट पाण्याचे घोट घ्यायची आणि कुणी काही विचारलं की हसायची. एरवी ती इतकी बडबडी होती की सगळ्यांना वाटलं, ताई कशावरून तरी रागावलीय.

कानसेनला कळायला दोन दिवस लागले. बोगद्याचा प्रसंग चालला होता. धांदल बाहेर चहा घेत फोनवर कुणाशी तरी वाद घालत होता. ताईच्या कानात कानसेनचा आवाज आला.

"ताई, तुमच्याबरोबर आत कोण आहे?"

ताईने आजूबाजूला बघितलं.

"दोन आवाज येताहेत. एक तुमचा. दुसरा त्याच्याखालून घासत येतोय. मशीन तपासलं, मशीन चांगलंय. काय झालंय?"

तिने काचेतून त्याच्याकडे बघितलं. लेकीला, नवऱ्याला फसवता येत होतं, कारण त्यांचं तिच्यावर प्रेम होतं आणि त्यांना खरं ऐकायची भीतीही वाटत होती. ह्या माणसाला फक्त ऐकू येत होतं. तिने सगळं सांगून टाकलं, फोड, ऑपरेशन, तीन वाक्यं. तो हेडफोन दाबून ऐकत राहिला. मग म्हणाला, "घरी जा."

"आणि माझी वाक्यं?"

"ताई, अहो घसा आहे तो."

"कानसेन, मला आजवर कुणी वाक्य दिलं नाही रे."

तो खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत बसला. धांदलचा फोन संपत आल्याचं ऐकू येत होतं. मग कानसेन एकदम पुढे वाकला.

"पहिल्या भागातलं तुमचं सगळं कण्हणं आहे माझ्याकडे. सिनेमात वापरलं त्याच्या चौपट. कधी फेकलं नाही. तुम्ही नुसतं तोंड हलवा. मी तुमचा माइक बंद ठेवतो आणि जुनं लावतो. शेवटच्या रिळापर्यंत एक शब्द नको, एक हुंकार नको. चालेल?"

"हे खोटं नाही का?"

"कुणाचा माल चोरतोय आपण? तुमचाच तर आहे."

असं ते नाटक सुरू झालं. पडद्यावर मेलेले धावायचे, ताई माइकसमोर हात वेडेवाकडे करून तोंड वासायची, मान टाकायची, डोळे फिरवायची, आणि स्पीकरमधून तिचाच जुना, तरणा आवाज यायचा. कानसेन एका हाताने तो सोडायचा, कमीजास्त करायचा, ओठांशी जुळवायचा. रेकॉर्डिंगच्या बटणाला मात्र हात लावायचा नाही; जुनं साठवलेलं होतंच, आणि बंद माइकमधून मशीनमध्ये नुसती शांतता भरली असती. पहिल्या दिवशी त्याचं बोट सवयीने दोनदा तिकडे गेलं. मग बोटालाही कळलं.

धांदल मागच्या सोफ्यावर बसून खूश होता. "काय जीव ओतते बाई! घामाघूम झालीय बघा." घाम खरा होता. न कण्हता कण्हणं हे कण्हण्यापेक्षा अवघड, हे ताईला नव्यानेच कळत होतं. एकदा जहाजावरच्या प्रसंगात धांदलने हात वर केला.

"थांबा. हा आवाज मी आधी ऐकलाय."

ताईचं उघडलेलं तोंड उघडंच राहिलं.

"ऐकलाच असणार," कानसेन मागे न बघता म्हणाला. "मेलेले तेच आहेत ना, साहेब. दुसरा भाग आहे."

धांदलने विचार केला. "हो. बरोबर आहे," तो म्हणाला. "सातत्य हवंच."

ताई खाली बसून कोरडंच हसली, पोट धरून, अजिबात आवाज न करता. कानसेनचे खांदे पाठमोरे हलत होते. पण त्या हसण्यातही तिला एक गोष्ट टोचत होती. स्पीकरमधला तो आवाज किती मोकळा होता. खोल होता, तरी काचेसारखा. आपल्यात असं कुणी राहत होतं आणि आपण त्याला जन्मभर नुसतं कण्हायला लावलं, असं काहीतरी वाटून तिने पाण्याचा पेला उचलला.

शेवटचं रीळ आलं. धांदलने तिसरा शेवट ठरवला होता, दोन्ही. आधी आई, मग स्फोट. ताईने चार दिवस खरंच एक शब्दही उच्चारला नव्हता. घरी लेकीला वाटत होतं, आई शहाणी झाली. लेकीने तिच्यासाठी दारं आपटणं बंद केलं होतं, रात्री उशाशी पाणी ठेवत होती, आणि हे सगळं ताईला चोरून घेतल्यासारखं लागत होतं.

पडद्यावर खोलीचं दार. लेक जमिनीवर. आई येते. मेणाचा चेहरा, लोंबता जबडा, डोळे मात्र कुठल्याशा चांगल्या नटीचे. ताईने तो प्रसंग दोनदा नुसता बघितला, ओठ कुठे हलतात ते मनात धरलं. मग कानसेनकडे बघून मान हलवली. त्याने अंगठा वर केला.

ती बोलली.

श्वास आत ओढत सुरुवात केली आणि 'बाळ' म्हणताना तो नकळत बाहेर सुटला. "बाळ, दार लाव." फोड तिला आत जाणवत होता, अन्नात खडा जाणवावा तसा. तिने आवाज त्याच्या बाजूने काढला. "कडी घाल." आणि मग तिला समोरची नटी दिसेनाशी झाली. स्वतःची लेक लहान असताना ताई रात्रपाळीच्या रेकॉर्डिंगला जायची, तेव्हा नवराही कामावर, आणि ती दारात उभी राहून पोरीला बजावायची, कुणी आलं तरी उघडू नको. पोर विचारायची, तू आलीस तरी? "मी हाक मारली तरी उघडू नकोस."

प्रसंग संपला. पडद्यावर स्फोट झाला आणि कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. धांदल उभा राहिला होता. शर्टाच्या बाहीने नाक पुसत म्हणाला, "मी... मी निर्मात्यांना फोन करून येतो." आणि दार ढकलून गेला.

ताईने भिंतीला हात टेकवला. घसा शाबूत होता. तिने गिळून बघितलं. शाबूत होता! आता घरी जायचं, गुरुवारपर्यंत तोंडाला कुलूप, आणि सगळं नीट होणार. काचेपलीकडे कानसेनने ऐकायला म्हणून ते मागे घेतलं. चालू केलं. आई दारात आली, ओठ हलले.

काही ऐकू आलं नाही.

त्याने परत लावलं. ओठ हलले. मग तो हळूच समोरच्या बटणांकडे बघायला लागला, आणि ताईला कळलं. चार दिवस त्याच्या बोटाने ते बटण न दाबायची सवय लावून घेतली होती. आजही ते तिकडे गेलं नव्हतं. माइक त्याने उघडला होता, आवाज खोलीभर ऐकवला होता, साठवला मात्र नव्हता.

तो उठून आत आला. एरवी तो त्या खोलीत कधी यायचा नाही. चेहरा पांढराफटक. "ताई," तो म्हणाला, "मी... ताई, मला जोड्याने मारा."

 तिला राग यायला हवा होता. तो कुठे शोधावा तेच कळेना.

"मी सांगतो साहेबांना सगळं. माझी चूक. ऑपरेशन होऊ दे तुमचं, बरं वाटू दे, मग..."

तिने मान हलवली. सिनेमा पुढच्याच्या पुढच्या आठवड्यात लागणार होता. चौकाचौकात मोठमोठी चित्रं लागली होती. 'मग' म्हणून काही नव्हतंच. एक तर आत्ता, नाहीतर उद्या दुसरी कुणीतरी.

नंतर ती लोकांना सांगायची की कानसेनची नोकरी जाऊ नये म्हणून तिने ते केलं. ते खोटं नव्हतं, पण खरंही फारसं नव्हतं. आत्ता ती तिथे उभी राहून विचार करत होती तो एवढाच, की वाक्य बोललं गेलंय आणि ते कुठेच नाहीये. तीन माणसांनी ऐकलं, त्यातला एक फोनवर आहे. एवढ्या वर्षांत तिचं पहिलं वाक्य, आणि तेही गर्दीतल्या 'अगं बाई'सारखं हवेत गेलं. लेकीचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला, रस्त्यात थांबलेला. डॉक्टर बाईंचा न हसणारा चेहरा आला. तिने ते दोन्ही नीट बघितले, टाळले नाहीत. मग माइककडे तोंड केलं आणि कानसेनला बोटाने बाहेर जायची खूण केली.

"नका हो करू," तो म्हणाला.

तिने परत खूण केली.

तो जागेवर जाऊन बसतोय तोवर धांदल आत आला. "अरे वा, सेफ्टी घेताय?" सेफ्टी म्हणजे एक चांगलं झाल्यावर हाताशी असावं म्हणून घेतलेलं दुसरं. "छान, छान. घ्या. पहिलं तर सोनं आहेच."

कानसेनने ह्या वेळी बटण दाबलं, आणि दाबलंय ना ते उभं राहून, वाकून बघितलं.

"बाळ, दार लाव." आलं. थोडं जड, पण आलं. "कडी घाल." इथे तिला कळलं की आवाज बाजूने काढायला आता बाजू उरलेली नाही. थांबता आलं असतं. "मी हाक मारली तरी," ती म्हणाली, आणि 'हाक'वर आत काहीतरी सुटलं. दुखलं नाही. फक्त गरम वाटलं, आणि जिभेच्या मुळाशी नाणं ठेवल्यासारखी चव आली. आवाज मधोमध चिरला. उरलेलं 'उघडू नकोस' चिरेतून आलं, निम्मं शब्द, निम्मं वारं.

धांदल काचेजवळ गेला.

"हे कसं केलंत?" त्याने विचारलं. "पहिल्यापेक्षा... नाही, पहिलं जास्त गोड होतं. पण हे... दोन्ही ठेवा. मी जोडताना बघतो."

"पहिलं बाद झालं साहेब," कानसेन म्हणाला. "माझ्याकडून."

"बाद? कसं काय बाद? बरं, जाऊ दे. मग आणखी एक घेऊन टाका ना, ताई आहेत तोवर."

"नाही," कानसेन म्हणाला. त्याच्या तोंडून कुठल्याही दिग्दर्शकाने तो शब्द ऐकला नव्हता. धांदल गडबडला, बरं बरं म्हणाला आणि स्फोटाचं काय करायचं ह्याबद्दल बोलायला लागला. ताईने रुमालात थुंकून बघितलं, रुमालाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

घरी लेकीने दार उघडलं. ताई आत आली, चपला काढल्या.  बोललीस का, असं लेकीने विचारलं नाही. आईच्या हातातून पर्स घेतली, रुमाल बाहेर काढला, उघडला, बघितला. मग मोरीत जाऊन नळ मोठा सोडून तो धूत बसली, कितीतरी वेळ. नवरा मध्ये उभा, कुणाकडे जावं न कळून. शेवटी तो मोरीच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "अगं, पाणी पुरे आता." ताई खुर्चीत बसून ते ऐकत होती. लेकीला हाक मारावी असं फार वाटलं. मारायला काही नव्हतं.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. डॉक्टर बाईंनी जे करता येईल ते केलं. बाकीचं त्यांनी आधीच सांगितलेलं होतं, ते परत सांगितलं नाही. पुढे सक्तीची शांतता. लेक बोलायची ती कामापुरतं. औषध घे. उशी वर घे. आठव्या का नवव्या दिवशी ती कामावरून आली आणि टेबलावर तीन तिकिटं ठेवली. "बघायलाच हवं ना, कशासाठी केलंस ते," म्हणाली.

सिनेमा त्यांनी दुपारच्या खेळाला बघितला. थिएटर बऱ्यापैकी भरलेलं. लोक खात होते, शिट्या मारत होते, क्रेनवाल्या मेलेल्याला तर टाळ्या पडल्या. जुळा भाऊ कुऱ्हाड घेऊन आला तेव्हा नवरा मोठ्याने म्हणाला, "हा मागे मेला होता ना?" आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काका, डोकं बाहेर ठेवून या." जहाज आलं. जहाज का आलं हे कुणी विचारलं नाही. बोगद्यात, मॉलमध्ये, जहाजावर ताईचा जुना आवाज घुमत होता, आणि लोक मजेत घाबरत होते.

मग ते दार आलं. आई आली. थिएटरात हसण्याची एक लाट अजून चालूच होती, आधीच्या कुठल्याशा विनोदाची. "बाळ, दार लाव." लाट ओसरली. "कडी घाल." पुढच्या रांगेतल्या एका बाईने तोंडाकडे नेलेला हात तसाच धरला. आणि मग तो चिरलेला आवाज आला, आणि लेकीने अंधारात चाचपडत आईचं मनगट पकडलं. घट्ट, नखं रुतेपर्यंत. रागाने की कशाने, ते ताईला कळलं नाही. बहुधा लेकीलाही नसावं. स्फोट होऊन गेला तरी तिने सोडलं नाही.

बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी घरात तिघंही उगीचच नीटनेटके कपडे घालून बसले होते. काय बोलावं ह्यावर ताईने बराच विचार केला होता, पण कुणी काही ठरवायच्या आत फोन वाजला आणि सवयीने तिनेच उचलला.

"हॅलो," ती म्हणाली.

जाड, खरबरीत, कुठल्याशा पुरुषाचा वाटावा असा आवाज. नवऱ्याने वर बघितलं. लेक खिडकीकडे वळली.

"दादा, मी कानसेन," पलीकडून आवाज आला. "आज सोडणार होते ना बोलायला? ताईंना द्या की जरा."

एवढी वर्षं ताईचा नुसता श्वास ऐकून तिला सर्दी झालीय का ते सांगणारा माणूस. तिच्या मनात आलं, नवऱ्याकडे फोन द्यावा आणि आत जाऊन दार लावून घ्यावं. नवऱ्याने हात पुढेही केला होता.

"मीच बोलतेय रे," ती म्हणाली.

पलीकडून अडखळलेला श्वास आला. "ताई," तो म्हणाला, आणि पुढे त्याला हुंदका फुटला.

"हे बघ, रडू नकोस," ती म्हणाली, आणि आपलेच शब्द कुणी भलतंच माणूस बोलत असल्यासारखे ऐकत राहिली. "ह्या आवाजात मी अजून कुणाची समजूत घातलेली नाही. जमेल की नाही, मलाच माहीत नाही." खिडकीशी लेकीची पाठ हलली. ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला, खुर्ची ओढून घेतली. "थांब जरा. बसून बघते प्रयत्न करून."